चौथ्या फळीवरचा ढग

इस्माईल, तुझ्या शोकसभेत तुझ्या फोटोला हार घातला होता. प्लास्टिकच्या फुलांचा, कारण रियाधमध्ये झेंडू मिळत नाही. समोर उदबत्ती. मी संयोजकांना बाजूला घेऊन म्हटलं, अहो, इस्माईल मुसलमान होता, त्यांच्यात फोटोला हार घालत नाहीत. ते म्हणाले, "डॉक्टर, आपण सगळे मराठी. इथे भेदभाव नाही." तुझ्या खोलीत राहणारा बशीरमामा शेजारीच उभा होता. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "राहू दे डॉक्टर. उदबत्ती आमच्या दर्ग्यात पण असते. हाराकडे मी बघत नाय." आणि पुढचा पाऊण तास तो खरोखरच स्वतःच्या बुटांकडे बघत बसला.

मग अध्यक्ष बोलले. वाळवंटाच्या निरभ्र आकाशाखाली कोकणच्या या सुपुत्राला आपल्या भूमीचे मेघ आठवत, आणि त्या विरहातून त्याचा कुंचला ढगांकडे वळला, वगैरे. बायकांपैकी दोघींनी डोळे पुसले. मला मात्र तू आठवलास. हाच सिद्धांत तुला पूर्वी कुणीतरी ऐकवला होता, तेव्हा तू म्हणाला होतास, "मेघ आठवायला काय झालं? चार महिने कपडे वाळत नायत, भिंतीला बुरशी येते, गादीला वास मारतो. त्यातून सुटलो म्हणून तर इथे आलो."

मी उठून हे सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. गप्प बसायची मला तोवर सवय झाली होती. त्या सवयीबद्दलच हे लिहितो आहे.

तुला ठाऊक असलेलं तुलाच सांगणं हा मूर्खपणा आहे, पण हे इतरही वाचणार, तेव्हा जरा सहन कर. रियाधच्या मलज भागातल्या त्या पिवळ्या इमारतीत तू आणि बशीरमामा पहिल्या मजल्यावर, मी दुसऱ्या. मी सरकारी इस्पितळात क्ष-किरण विभागात. म्हणजे दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या छातीचे फोटो वाचायचे. तू ड्राफ्ट्समन, समुद्राचं पाणी गोडं करून रियाधपर्यंत आणणाऱ्या पाइपांच्या कामावरच्या एका जपानी कंपनीत. तुझी बायको सकीना आणि मुलं रत्नागिरीकडच्या खाडीवरच्या गावात. चौदा वर्षं तू पाइप काढलेस आणि अकरा वर्षं आपण भांडलो. भांडणाचा विषय सुरुवातीला काहीही असे. शेवटची दोन वर्षं एकच होता: ढग.

त्याला कारण तुझं कामच. नकाशात काही बदललं, पाइपाची जाडी किंवा व्हॉल्व्हची जागा, की बदललेल्या भागाभोवती ढगासारखी कंगोरेदार रेघ काढायची, शेजारी छोट्या त्रिकोणात बदलाचा क्रमांक, खाली कोपऱ्यात तारीख आणि सही. म्हणजे साइटवरचा माणूस जुन्या आकड्यावर विसंबून फसत नाही. त्याला तुम्ही लोक रिव्हिजनचा ढग म्हणता. बाकीचे ड्राफ्ट्समन हे कंगोरे कोंबडीने माती उकरावी तसे ओढतात. तू एकेक कंगोरा आधीच्याशी जुळवून, हात न उचलता काढायचास. तुझे साहेब सातो-सान एकदा तुझ्या टेबलापाशी थांबले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, माझ्या आजोळी एक घडीचा पडदा आहे, त्यावर अगदी असेच ढग आहेत, पण त्यांचं काम उलटं आहे. तुझा ढग म्हणतो इथे बघ. ते ढग म्हणतात, इथे बघू नकोस.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जाडजूड पुस्तक आणलं, आणि माझ्या सुट्टीच्या शुक्रवारच्या दुपारी कायमच्या गेल्या.

ते पडदे मी तुझ्यामुळे पाहिले, हे आधी मान्य करून टाकतो. सहा उंच फळ्या, एकमेकींना कागदी बिजागऱ्यांनी जोडलेल्या, उभ्या केल्या की नागमोडी उभ्या राहणाऱ्या. त्यांवर अख्खं शहर, घारीच्या नजरेने पाहिल्यासारखं: पूल, देवळं, भांडणारे हमाल, केस विंचरणारी बाई. काही चित्रांत घरांची छपरंच काढून टाकलेली, म्हणजे आत कोण काय करतंय ते दिसावं. तुला ते फार आवडायचं. "आमच्यासारखंच काढलंय रे," तू म्हणायचास, "झाकण काढलेला पंप." आणि या सगळ्यावर सोन्याच्या वर्खाचे ढग, गोल कडांचे, निम्मं शहर झाकून टाकणारे.

मी पहिल्याच दिवशी सांगितलं की ही लबाडी आहे. जे काढायचा कंटाळा आला तिथे सोनं चिकटवलं. राजाच्या महालापासून राजाच्या देवळापर्यंत जाताना मध्ये जी गरिबांची वस्ती लागते, ती बरोबर ढगाखाली. पैसे देणाऱ्यालाही बरं, काढणाऱ्यालाही बरं.

"मग सगळंच काढायचं?" तू विचारलंस. "आपण नकाशात तरी सगळं काढतो का? लांबलचक सरळ पाइप असला की मधे तोडून दाखवतो. मधे काय आहे ते कळतं बघणाऱ्याला."

"मधे पाइप आहे हे कळतं. मधे माणसं असतात तेव्हा काय करायचं?"

"तुला भांडायचंच आहे."

"हो."

तू पुस्तक मागे नेत जुन्या गुंडाळीच्या चित्रांपर्यंत पोचलास. हे सगळं तिथून आलं, असं तू मला शिकवणीला बसवल्यासारखं सांगितलंस. हातांनी उलगडत वाचायची लांब चित्रं, त्यांत दोन प्रसंगांच्या मध्ये धुक्याचे आडवे पट्टे, बोटांसारख्या गोल टोकांचे. धुकं आलं की समजायचं, इथे वेळ गेला. पुढे ती गुंडाळी पडद्याएवढी मोठी झाली आणि धुक्याचे ढग झाले. "ढग म्हणजे झाकण नाय," तू म्हणालास. "ढग म्हणजे इथे थोडा वेळ गेला."

हे वाक्य मला त्या वेळीही पटलं नव्हतं. आता तर त्याचा रागच येतो.

सातो-साननी नंतर आणलेलं दुसरं पुस्तक पातळ होतं: आज हयात असलेल्या चित्रकारांच्या एका प्रदर्शनाची पुस्तिका. त्याच्या इंग्रजी प्रस्तावनेत 'अनंत' हा शब्द मी अकरा वेळा मोजला आणि मग सोडून दिलं. पण चित्रं पाहण्यासारखी होती. ही माणसं रंग अजून जुन्याच रीतीने करतात: दगड कुटायचा, वस्त्रगाळ करायचा, जनावराच्या कातड्याच्या सरसात कालवायचा. एकच निळा दगड जाडसर ठेवला तर गडद, बारीक केला तर फिका. एकाने जुन्या पद्धतीचे सोनेरी ढग काढून त्यांतून विजेचे खांब आणि पाण्याच्या टाक्या वर काढल्या होत्या. तो मला आवडला. निदान त्याला विनोद कळत होता. आणि एका बाईंच्या चित्रात चारी फळ्यांवर नुसता राखाडी ढग होता. सोनं नाही, शहर नाही, कडा नाही.

मी म्हटलं, "या बाईंनी पडदा ठेवला आणि नाटक फेकून दिलं."

तू ते पान जवळ ओढलंस आणि म्हणालास, "जुन्यांना खाली काय आहे ते ठाऊक होतं, म्हणून झाकलं. हिला ठाऊक नाय. तसं सांगतेय बिचारी." आणि मग बशीरमामाचा खलबत्ता घेऊन गच्चीवर गेलास आणि रस्त्यावरून आणलेले दगड कुटत बसलास. त्या आठवड्यात कालवणात कचकच लागत होती. बशीरमामाने ताट सरकवून म्हटलं, "इस्माईल, दगड चित्राला लावतोस ते लाव. आमच्या दातांना कशाला?"

मग नव्वदचा ऑगस्ट आला, सद्दामने कुवेत गिळलं, आणि तुमचे जपानी एकेक बॅग घेऊन विमानतळावर. सातो-साननी तुला ऑफिसच्या किल्ल्या दिल्या, दोन्ही पुस्तकं दिली आणि कमरेत वाकून नमस्कार केला. एवढ्या नमस्कारावर तू सहा महिने काढलेस. मी तेव्हाच म्हटलं होतं, जा घरी.

"किल्ल्या माझ्याकडे आहेत."

"दे कुणालातरी."

"कुणाला? सगळे गेले."

रिकाम्या ऑफिसात दुसरं काम नव्हतं, म्हणून तू पडदा करायला घेतलास. यंत्रांच्या खोक्यांच्या प्लायवुडच्या सहा फळ्या, गुडघ्याएवढ्या, म्हणजे घडी करून विमानात नेता येतील. त्यांवर तू रियाध काढलंस. राजवाडे नाहीत, मिनार नाहीत, आपलं रियाध. छपरं काढलेली आपली इमारत, कांदा चिरणारा बशीरमामा, इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, रांगेत उकिडवे बसलेले लोक, न्हाव्याच्या दुकानातला आरसा, ज्याच्या नावावर तुझा व्हिसा होता त्या अरब कफीलची बकरी, तुझं टेबल. सकीनाभाभींनी म्हणे कधीतरी विचारलं होतं, तुम्ही तिथे दिवसभर करता तरी काय? त्याचं हे उत्तर. चौदा वर्षांनी. तुझ्या उत्तर देण्याच्या वेगाबद्दल न बोललेलं बरं.

सोन्याचा वर्ख कुठून आणणार? तर गावी नेण्यासाठी सगळे घेतात त्या चॉकलेटच्या डब्यांतले सोनेरी कागद. तू सगळ्या इमारतीला कामाला लावलंस. हिरवे, जांभळे कागद कुणी आणले तर तू ते परत करायचास, जणू खोटी नाणी. चमच्याच्या पाठीने एकेक कागद घासून सपाट करायचा, तरी चुण्या राहायच्याच. मी त्यावर टीका केली की तू पुस्तक उघडून दाखवायचास: त्यांच्या वर्खाचेही चौकोन दिसतात, सांधे दिसतात. माझी साखर त्या तीन महिन्यांत किती वाढली हे तुला सांगितलं नाही. तेवढं एक मी तुझ्यापासून लपवलं. बाकी सगळं आपण दोघांनी मिळून दुसऱ्यांपासून लपवलं.

खोकला तुला सप्टेंबरपासून होता. "धूळ आहे," तू म्हणायचास. नोव्हेंबरात मी तुला जवळजवळ ओढत माझ्या विभागात नेलं आणि छातीचा फोटो काढला. फिल्म ओली असतानाच मी ती दिव्याच्या पेटीवर लावली आणि तुला बाहेर थांबवायचं विसरलो. ही माझी चूक. पंचवीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाने करू नये अशी. तू माझ्या मागेच उभा होतास.

"हे काय?"

"बस जरा."

"बसून काय बघायचं, उभ्याने दिसतंय की." तू पुढे झालास. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला लिंबाएवढा पांढरा डाग होता. तू त्याच्या कडेवरून, काचेला न लावता, बोट फिरवलंस. "कंगोरे आहेत. माझ्या ड्रॉइंगमध्ये मला न विचारता कुणी रिव्हिजन केली?"

मी हसलो. देवाशपथ हसलो. त्याबद्दल मी तुला अजून माफ केलेलं नाही.

शेजारच्या विभागातल्या डॉक्टरांनी पुढच्या तपासण्या केल्या आणि मला जे दिसलं होतं तेच लांबलचक वाक्यांत सांगितलं. ऑपरेशनची वेळ गेलेली होती. काही महिने होते. म्हणजे करण्यासारखी एकच गोष्ट उरली होती: घरी जाणं. मी तसं म्हणालो. तू जिन्यात थांबून म्हणालास, "सकीनाला सांगू नको. ती रोज रेडिओपाशी बसते. सौदी हा शब्द आला की जेवत नाय. त्यात हे कशाला? हे लढाईचं काय ते एकदा निकालात निघू दे. मग मी जातो आणि समोर बसून सांगतो."

"आणि कधी निघणार निकालात?"

"मला काय विचारतोस. टीव्हीवर जनरल असतात, त्यांना विचार."

मी शब्द दिला. रुग्णाचं गुपित राखणं, डॉक्टरचं कर्तव्य, असे मोठे शब्द माझ्याजवळ तयार होतेच; असे शब्द नेहमी तयार असतात, म्हणून तर मला त्यांचा संशय येतो. खरं कारण लहान होतं. ते वाक्य सकीनाभाभींना फोनवर सांगायची माझी हिंमत नव्हती आणि तू मला सुटका दिलीस.

डिसेंबरात गावच्या दुकानातून सकीनाभाभींचा फोन आला. तू तुझं बोलून झाल्यावर रिसीव्हर माझ्याकडे दिलास, नेहमीसारखा, कारण सुक्या म्हावऱ्याचं पार्सल पोचलं की मी आभार मानायचे ही पद्धत. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, यांचा खोकला कसला हो? मला बोलताना मधेच थांबतात. तुम्ही बघितलंत ना?"

मी म्हटलं, "धूळ आहे भाभी इथे. फार धूळ."

तू माझ्याकडे बघत होतास. मान हलवलीस, शाबास अशा अर्थी.

जानेवारीत क्षेपणास्त्रं यायला लागली. एका संध्याकाळी भोंगा वाजला तेव्हा मी तुमच्याच खोलीत होतो. खिडक्यांना प्लास्टिक आणि चिकटपट्टी, दाराखाली ओला टॉवेल. मला इस्पितळाने विषारी वायूपासून वाचायचा मुखवटा दिला होता, बशीरमामाने कुठूनतरी मिळवला होता, आणि तुझ्यासाठी मी एक आणला होता. पण दाढीवर तो बसेना. कडेने हवा जायची.

"दाढी काढ," मी मुखवट्यातून ओरडलो.

"काय?"

"दाढी. काढ."

"वीस वर्षांची दाढी तुझ्या सद्दामसाठी काढू?" तू ओला फडका नाकाला लावून पडद्यासमोर बसलास. "बशीर, ती चौथी फळी धर जरा."

चौथ्या फळीवर इस्पितळ होतं. आदल्या आठवड्यात मी ती पाहिली होती: छप्पर काढलेला माझा विभाग, अंधारी खोली, उजळ पेटी, टक्कल असलेला मी, आणि माझ्या मागे उभा असलेला तू, पेटीकडे बोट करून. एवढ्याशा जागेत तू ते डागासकट काढलं होतंस. आणि आता, बाहेर आकाशात काहीतरी फुटत असताना, तू त्यावर सोनेरी कागद बसवत होतास.

मी मुखवटा वर केला. बशीरमामा "मरशील, घाल" म्हणाला, त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. "हे झाकतोस?"

"सध्या."

"न्हाव्याचं दुकान ठेवलंस. कफीलची बकरीसुद्धा ठेवलीस. आणि माझी खोली झाकतोस?"

"बकरी बघून सकीना रडणार नाय." तुला खोकला आला. तो ओसरेपर्यंत आम्ही दोघं थांबलो. मग तू म्हणालास, "नुसता कडेने चिकटवलाय, भाताच्या खळीने. लढाई संपली की उचकटीन. तोवर समज, इथे थोडा वेळ गेला."

"वेळ जात नसतो इस्माईल, तुझा वेळ संपतोय," असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "कडेला खळ जास्त झालीय." भोंगा थांबल्यावर आपण गच्चीवर गेलो. आकाशात पांढऱ्या धुराची वेटोळी होती, आणि तू ती कशी काढावी यावर बोलत बसलास. मी ऐकत बसलो. चांगलं बोललास. मला कबूल करायचं नव्हतं, पण त्या दिवसांत मी घाबरून वेडा झालो नाही तो तुझ्या या बडबडीमुळे. सगळं शहर आकाशाकडे बघून कापत होतं आणि तू एकटा तिकडे कामासाठी बघत होतास.

फेब्रुवारीच्या शेवटच्या गुरुवारी लढाई संपली. टीव्हीवर जनरल आले, छडीने नकाशे दाखवले, एकमेकांचे आभार मानले. त्या नकाशांतल्या रेघांना तू नावं ठेवलीस. मी म्हटलं, "संपली. आता फोन कर."

"फोनवर नाय. पासपोर्ट कफीलकडे गेलाय शिक्क्याला. आठ दिवसांत निघतो. समोर बसून, असं ठरलंय ना?"

ठरलं होतं, लढाई संपेपर्यंत. शब्दाची मुदत गुरुवारी संपली होती. शुक्रवारी मी खाली जाऊन नाण्यांच्या फोनवरून तुझ्या गावच्या दुकानात निरोप ठेवू शकलो असतो. शनिवारी, रविवारीही. सांगून त्यांना इथे येता आलं नसतं, हे खरं. पण तुझ्याशी बोलताना, हे शेवटचं असू शकतं एवढं त्यांना ठाऊक असतं. मी रोज ठरवलं आणि रोज वर जाऊन जेवलो. पासपोर्ट आला त्या दिवशी तू ऑक्सिजनवर होतास.

त्या दिवसांत कुवेतच्या जळत्या तेलविहिरींचा धूर वाऱ्याबरोबर इकडे आला. भर दुपारी आकाश काळ्या चहासारखं झालं. मी तुझ्या खाटेचं डोकं वर केलं तर तू खिडकीबाहेर बघत राहिलास, आणि मास्क बाजूला करून म्हणालास, "ती बाई आठवते? नुसता राखाडी ढग?"

"आठवते. तिला मी नावं ठेवली होती."

"याला सोनं लावून उपयोग नाय रे. हा काय झाकत नाय. हाच आहे." जरा थांबून: "चौथीवरचा कागद राहिला."

"मी काढतो."

"तू नको. तुझा हात जड आहे."

हे तुझं माझ्याशी शेवटचं वाक्य. कुणाला सांगावं तर शोभत नाही. अध्यक्षांनी विचारलं होतं, अखेरच्या क्षणी काही उद्गार? मी म्हटलं, नाही.

इथल्या रीतीने तुला पुरलं. वर एक दगड, नाव नाही. चौदा वर्षं प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात ज्याने आपली अक्षरं आणि तारीख घातली, त्याचा हा एक कोपरा कोरा राहिला. तुला यात काही वाटलं नसतं, "रीत आहे" म्हणाला असतास. मला वाटतं. मी ओळींत मोजून तो दगड लक्षात ठेवला आहे.

ईदला बशीरमामा घरी गेला तेव्हा पडदा घेऊन गेला. मागच्या आठवड्यात परत आला आणि माझ्या हातात पत्र दिलं. सकीनाभाभींचं, वहीच्या कागदावर, शाळेतल्या गोल अक्षरात. ते मी जसंच्या तसं उतरवतो, कारण यातला एकही शब्द बदलायचा मला अधिकार नाही.

"डॉक्टरसाहेब, पडदा पोचला. ओटीवर उभा केला आहे. सगळं बघितलं. बिल्डिंग बघितली, त्यांचं टेबल बघितलं. बशीरभाई कांदा चिरतात ते बघून पोरं हसली. तुमचा दवाखाना चौथ्या फळीवर आहे असं बशीरभाई बोलले. त्यावर ढग आहे. बाकीच्या ढगांवर बोट फिरवलं तर खाली नुसतं लाकूड लागतं. या ढगाखाली रंग लागतो. खाली काहीतरी काढलेलं आहे. कागद कडेने सुटला आहे तरी मी उचकटला नाही. तुम्ही सांगाल तेव्हा उचकटेन. डिसेंबरात मी विचारलं होतं तेव्हा तुम्ही धूळ बोललात. तुम्हाला तेव्हा माहीत होतं का, एवढंच सांगा."

बशीरमामा दारात उभा होता. त्याला मी विचारलं, काय लिहू? तो म्हणाला, "लिही की तेव्हा कळलं नव्हतं. मशीन बिघडलं होतं. बाई माणूस आहे, कशाला?" त्याचा हेतू चांगला होता. चांगल्या हेतूंनी या गोष्टीचं पुरेसं नुकसान केलेलं आहे, पण ते मी त्याला म्हटलं नाही.

इस्माईल, दोन वर्षं मी तुझ्याशी भांडलो की झाकणारा ढग ही लबाडी आहे, आणि वेळ आली तेव्हा सगळ्यांत मोठा ढग मी काढला. एका शब्दाचा. तू निदान कडेने खळ लावून, उचकटता येईल असा काढला होतास. मला वाटतं सकीनाभाभींनी, त्या आपल्या बाईंनी, ओटीवर बोटाने चाचपून तुझं सगळं पुस्तक एका दुपारी वाचलं. आपण नुसती पानं उलटत होतो.

काल मी विभागातून तुझी फिल्म काढून घेतली. रुग्णाच्या घरच्यांनी मागितली तर द्यायची असते. त्यांनी मागितलीच आहे. दिव्याच्या पेटीवर लावली. आम्ही डाग दाखवायला मेणाच्या पिवळ्या पेन्सिलीने बाण काढतो. मी बाण काढला नाही. डागाभोवती तुमचा ढग काढला, कंगोऱ्यांचा. शेजारी त्रिकोण, त्रिकोणात एकचा आकडा. खाली कोपऱ्यात नोव्हेंबरातली ती तारीख आणि माझी सही.

सोबत चिठ्ठी: "सकीनाभाभी, हे मी त्या दिवशी बघितलं. मला माहीत होतं. धूळ नव्हती. त्याने मला न सांगायला सांगितलं होतं, पण तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं मी बोललो. चौथ्या फळीवरचा कागद काढा, हलक्या हाताने. खाली तो उभा आहे."

आज सकाळी रजिस्टर पोस्टाने टाकलं. त्या मला माफ करतील असं वाटत नाही, आणि त्यासाठी पाठवलेलंही नाही.

कंगोरे फार वाईट आले आहेत. कोंबडीचेच. तू असतास तर फिल्म पुसून पुन्हा काढायला लावले असतेस.